चुन्याच्या रेषेबाहेरचा हिवाळा

कापसाची बोंडं फुटायला लागली की माझ्या पायांना चैन पडत नाही. दिवाळी सरलेली असते, सकाळी अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते, मंठ्याकडून, अंबडकडून कापसाने फुगलेल्या गाड्या जालन्यात यायला लागतात, आणि मी घरातल्या घरात फेऱ्या मारू लागतो. पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत, मागच्या दारातून परत पुढे. माझी बायको कौसल्या आता डोळ्यांनी अधू झाली आहे, पण पावलांचा आवाज तिला बरोबर कळतो. "बसा की वो जरा," ती म्हणते. "फरशीला खड्डे पाडताल." मी बसतो. थोड्या वेळाने बसल्या जागी उजवा पाय हलायला लागतो. त्याला आता कुठे जायचं नाही, पण त्याला ते कोण सांगणार?

मग काठी घेऊन बाहेर पडतो. जिथे आमचं मैदान होतं तिथे आता अर्ध्या भागात घरं झाली आहेत. उरलेल्या अर्ध्यात पोरं क्रिकेट खेळतात. मी कडेला उभा राहून बघतो. क्रिकेटात माणसं फार वेळ नुसती उभी असतात. मला ते फार वेळ बघवत नाही. मी निघून येतो. वाटेत सरकीचा वास येतो. एखाद्या गाडीतून उडालेला कापसाचा पुंजका रस्त्याकडेच्या बाभळीला अडकलेला दिसतो, आणि मग माझी सुटका नसते. तो हिवाळा येतोच.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा हिवाळा. शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक? मैदानाच्या अंगाला जिनिंगचा कारखाना होता. दिवसभर तिथे कापूस पिंजल्यासारखा उडायचा आणि वाऱ्याबरोबर आमच्याकडे यायचा. संध्याकाळपर्यंत पोरांच्या केसांत, भुवयांत कापूस बसायचा. पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकदम म्हातारी दिसायला लागायची. फुटबॉलच्या चामड्याला आम्ही तेल लावायचो, त्यालाही कापूस चिकटायचा. चुन्याच्या फक्कीने मी रेषा मारायचो आणि त्या रेषेवर पांढरा कापूस येऊन पडायचा. रेषा कुठली आणि कापूस कुठला, कळायचं नाही. कारखान्याचा भोंगा झाला की खेळ थांबवायचा, असा आमचा नियम. भोंगा होऊ नये असं मला रोज वाटायचं.

मी त्या रेषेच्या बाहेर उभा असायचो. तेच तर दुखणं होतं.

आमचं गाव अंबडच्या पुढे. शेती बरी होती. थोरल्या भावाने, दादाने, नांगर धरला आणि मला शिकायला हैदराबादला धाडलं. कॉलेजात जाऊन मी काय शिकलो, तर फुटबॉल. त्या शहराला तेव्हा फुटबॉलचं वेड होतं. गल्लीतली पोरं चिंध्यांचा बॉल करून खेळायची आणि इराण्याच्या हॉटेलात चहावर चहा मागवून लोक कालच्या सामन्यावरून भांडायचे. मला कॉलेजच्या टीममध्ये सेंटर हाफला उभं केलं. सेंटर हाफ म्हणजे मैदानाच्या बरोबर मधला गडी. मागून आलेला बॉल त्याच्याकडे येतो आणि तो पुढे कुणाकडे जायचा हे त्याने ठरवायचं. गोल करणाऱ्याचं नाव होतं, लोक त्याला खांद्यावर घेतात. पण तो गोल कुठून होणार हे सेंटर हाफला आधी दिसलेलं असतं. मला दिसायचं. बॉल पायाशी यायच्या आधी सगळं मैदान मला तळहातावर ठेवल्यासारखं दिसायचं. कोण थकलाय, कोण पळणार आहे, कुणाच्या मागे जागा पडली आहे. त्या सुखाचं वर्णन मला कधी करता आलं नाही. कौसल्याला एकदा सांगायला गेलो तर ती म्हणाली, "म्हंजे सैपाकघरासारकं. कुटल्या चुलीवर काय शिजलंय ते न बघता कळतं." मी हसलो होतो. आता वाटतं, तिला बरोबर कळलं होतं.

शेवटच्या वर्षी गुडघा गेला. सामन्यात एक दांडगा गडी आडवा आला, माझा उजवा पाय जमिनीत रुतलेला राहिला आणि अंग फिरलं. आवाज झाला तो मी ऐकला. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालाल, पण पळायचं विसरा. एवढं साधं सांगितलं त्यांनी. जसं काही ते विसरण्यासारखं असतं.

मी लंगडत गावी आलो. दादा म्हणाला, "जीव तर गेला न्हाई ना? मंग झालं. शेत काय पळत न्हाई, तुला बी पळायचं काम न्हाई." दादा माझ्यावर जीव टाकायचा, पण त्याला माझ्या पायांचं काही कळत नव्हतं. मी शेतात जायचो आणि नांगराच्या तासाच्या कडेकडेने ढेकळांना लाथा मारत हिंडायचो. एकदा दादा वैतागून म्हणाला, "ढेकळं फोडायला कुळव हाय बाबा आपल्याकडं." माझं लग्न झालं ते त्याच सालात. लग्न झाल्यावर माणूस थाऱ्यावर येतो असं घरच्यांना वाटलं असावं. कौसल्या मंठ्याकडची. पहिल्याच महिन्यात तिने ओळखलं की आपला नवरा अंगाने घरात असतो आणि बाकीचा कुठेतरी पळत असतो.

जालन्याच्या शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघाली. हेडमास्तर हैदराबादचे होते, उंच, शेरवानीतले, मोजकं बोलणारे. मी लंगडत आत गेलो तर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वो सेंटर हाफ आपही थे ना? मैंने आपका खेल देखा है." मी मान हलवली. ते म्हणाले, "तो बस, बच्चों को वही सिखाइए." नोकरी लागली. मला वाटलं, माझं मैदान मला परत मिळालं.

पण मैदान परत मिळत नसतं. मास्तर झालेल्या खेळाडूला जे मिळतं ते मैदानाची कड.

पहिले काही आठवडे मी नुसता ओरडत होतो. "उजवीकडं दे! आता दे! अरे, मागं बघ! पळ! थांब!" रेषेच्या बाहेर लंगडत इकडून तिकडे धावायचो. पोरं दमायच्या आधी माझा घसा बसायचा. मला सगळं दिसत होतं, पहिल्यासारखंच, आणि माझे पाय तिथे नव्हते म्हणून मी माझ्या तोंडाने पोरांचे पाय हलवू पाहत होतो. मिशनच्या शाळेशी सामना झाला आणि आम्ही सपाटून हरलो. सामना संपल्यावर मी पोरांना गोळा करून विचारलं, काय झालं तुम्हाला? सगळे खाली बघत होते. युसूफ तेवढा बोलला. युसूफ आमचा राइट आऊट, म्हणजे उजव्या कडेने पळणारा. कारखान्यातल्या फिटरचा मुलगा, काडीसारखा, तोंडाचा फटकळ, खिशात कायम गुळाचा खडा.

"मास्टरसाब, गुस्सा नक्को करो," तो म्हणाला. "आप चिल्लाते तो मेरे कू बॉल दिखताच नई. आपकी आवाज दिखती."

मी रागाने लाल झालो आणि घरी निघून आलो. घरात फेऱ्या मारता मारता कौसल्याला सगळं सांगितलं. ती हरभरे भाजत होती. माझं संपल्यावर तिने कढईतले गरम फुटाणे एका कापडात बांधले आणि माझ्या हातात दिले. "उद्यापासनं हे खिशात ठिवा. वरडावं वाटलं का चार तोंडात टाका. तोंड चालू असलं म्हंजे वरडता येत न्हाई." मला वाटलं चेष्टा करते आहे. ती करतच होती. पण दुसऱ्या दिवशी मी खरोखर फुटाणे खिशात टाकून गेलो. त्या हिवाळ्यात मी किती फुटाणे खाल्ले असतील देव जाणे. अजून फुटाण्यांचा वास आला की मला ओरडावंसं वाटतं.

मी गप्प झालो आणि मग मला विठ्ठल दिसला. होता तो आधीपासूनच. माझ्या आवाजात दिसत नव्हता. शहागडजवळच्या गावातला धनगराचा मुलगा. बोर्डिंगात राहायचा, कमी बोलायचा. मी त्याला सेंटर हाफला ठेवलं होतं ते केवळ त्याची छाती रुंद होती म्हणून. आता गप्प उभा राहून बघू लागलो तर हा पोरगा बॉलकडे बघतच नव्हता. मान वर, डोळे लांब. बॉल पायाशी यायचा आणि त्याच क्षणी उजव्या कडेला निघून जायचा, अशा ठिकाणी की जिथे कुणीच नसायचं. आणि बॉल तिथे पडेपर्यंत युसूफ तिथे आलेला असायचा.

"तुला कसं कळतं रे तो तिथं येणार म्हणून?" मी विचारलं.

विठ्ठलने खूप विचार केला. "त्यो यील म्हनूनच टाकतो, मास्तर."

"आणि तू कसा पळतोस रे आधीच?" मी युसूफला विचारलं.

"वो डालनेवालाच है ना," युसूफ म्हणाला. "फिर कायकू रुकने का?"

यापलीकडे त्या दोघांना काही सांगता येत नव्हतं. मलाही कॉलेजात सांगता आलं नसतं. विठ्ठल मराठीत विचार करायचा आणि युसूफ दखनीत, शाळा उर्दूत चालायची, आणि मैदानावर यातलं काहीच लागत नव्हतं. माझ्या छातीत एकाच वेळी आनंद आणि जळफळाट व्हायचा. हे माझं होतं. माझ्या डोळ्यांनी बघायचं सुख हा पोरगा घेत होता आणि मी कडेला फुटाणे चावत होतो. पण हळूहळू जळफळाट निवळला. बॉल त्याच्या पायातून सुटला की माझा उजवा पाय आपोआप हलायचा, आणि ते मला पुरायला लागलं. जवळजवळ पुरायला लागलं.

आम्ही जिंकायला लागलो. रेल्वेच्या पोरांना हरवलं. मिशनच्या शाळेला परत बोलावून हरवलं. शाळांच्या स्पर्धेसाठी आगगाडीने औरंगाबादला गेलो, तिथेही जिंकून आलो. येताना डब्यात पोरांनी इतका गोंधळ घातला की गार्ड येऊन बघून गेला आणि स्वतःच हसत परत गेला. अंतिम सामना संक्रांतीनंतर, आमच्याच मैदानावर, औरंगाबादच्या दुसऱ्या एका शाळेशी ठरला. त्या आनंदात मी सगळ्या टीमला दादाच्या शेतावर हुरडा खायला नेलं. आगटीभोवती पोरं बसली, तळहात भाजून घेत कोवळी ज्वारी चोळू लागली. हुरडा संपला तसा कुणीतरी बॉल काढला आणि शेजारच्या मोकळ्या रानात खेळ सुरू झाला. दादा कमरेवर हात ठेवून बघत होता. विठ्ठलचा बॉल, युसूफची धाव, परत विठ्ठलचा बॉल. दादाने पहिल्यांदाच फुटबॉल बघितला.

"ह्यात तू काय करतोस?" त्याने विचारलं.

"मी बाहेर उभा राहतो."

"मंग तुला ठिवलंय कशाला?"

मी आगटीत एक काटकी सारली. दादा मात्र खेळावरून नजर काढत नव्हता. जरा वेळाने तो म्हणाला, "ते काळं, दांडगं पोरगं हाय बघ... तुज्यासारकं बघतंय." मी मान फिरवून धुराकडे बघत बसलो. धूर डोळ्यांत जायला बरा असतो.

त्या दिवसांत बाहेर काय चाललं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. सीमेपलीकडे देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं आणि आमच्याकडे काय होणार याचा कुणालाच पत्ता नव्हता. बाजारात लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. खेड्यांतून वाईट बातम्या यायच्या. कुठे घरं जळाली, कुठे माणसं गावच्या गाव सोडून गेली. देऊळगाव राजाच्या बाजूने वऱ्हाडात गेलं की दुसरं राज्य, तिथे भीती नाही, असं म्हणायचे. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत हळूहळू भांड्यांनी, बाजांनी, म्हाताऱ्यांनी भरलेल्या गाड्या दिसायला लागल्या. शाळेत बाकं रिकामी व्हायला लागली. आधी आमचा लेफ्ट आऊट आला नाही, मग मागची बाजू सांभाळणारा एक फुलबॅक. मी त्यांच्या जागी दुसरी पोरं उभी करत राहिलो. मला नीट आठवतं, त्या काळात मी रेषा जास्त जाड मारायला लागलो होतो. त्या रेषेच्या आत काही शिरू नये एवढंच माझं मागणं होतं.

ते शिरलं एका दुपारी, खांद्यावर घोंगडं टाकून. विठ्ठलचा बाप. मैदानाच्या कडेला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास होता. आम्ही दोघं बाजूबाजूला उभे राहून खेळ बघत राहिलो आणि तो कशाला आलाय हे मला न सांगताच कळलं.

"पोराला न्यायला आलो, मास्तर," शेवटी तो म्हणाला. "समदं बिऱ्हाड घिऊन पलीकडं चाललो. मेंढरं म्होरं गेल्यात."

मी त्याला सामन्याचं सांगितलं. आठवडाभराचा प्रश्न आहे, म्हणालो. मी स्वतः त्याला सीमेपर्यंत नेऊन सोडतो, माझ्या घरी ठेवतो, माझी बायको त्याला काही कमी पडू देणार नाही. मी फार बोललो. फुटाणे खिशातच राहिले. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी वाईट मानसं न्हाईत," तो म्हणाला. "पोरगं ऱ्हाईल, खेळंल बी. पर आटवड्यानं वाट बंद झाली, तर त्यो माघारी यायचा कुनाकडं? आन त्याची माय तितं कुनाकडं बघायची?"

तोवर खेळ थांबला होता. विठ्ठल येऊन उभा राहिला. घामाने भिजलेला, केसांत कापूस. बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी थांब म्हनलं तर थांबतो."

बापाने मान खाली घातली. तो पोराला ओढून नेणारा माणूस नव्हता. माझ्या एका शब्दावर होतं सगळं. कॉलेजच्या दिवसांपासून मी ज्याची वाट बघत होतो तो सामना, ती टीम, ते मैदान, आणि समोर तो पोरगा, ज्याच्या डोळ्यांत माझे डोळे होते. मला आजही सांगता येत नाही की मला नक्की काय वाटलं.

"जा," मी म्हणालो. "जल्दी जा. अंधार व्हायच्या आत शहराबाहेर पडा."

विठ्ठलने वाकून माझ्या पायाला हात लावला. नेमका उजव्या. युसूफने धावत येऊन खिशातला गुळाचा खडा काढला आणि त्याच्या हातात कोंबला. "जाके आ," एवढंच म्हणाला. ते दोघे, बाप आणि मुलगा, गाड्यांच्या रांगेकडे चालत गेले. भोंगा झाला नव्हता, तरी त्या दिवशी कुणी परत खेळलं नाही.

पुढचे दिवस मी कसा वागलो ते कौसल्याला विचारा. जेवताना उठायचो. आंघोळीला गेलो की टॉवेल न घेता परत यायचो. सेंटर हाफला कुणाला उभं करू, या एकाच गोष्टीचा विचार करायचो आणि तो विचार धरून ठेवायचो, कारण तो सुटला की दुसरे विचार यायचे. तिने एकदा माझा हात धरून मला खाली बसवलं. "तुमी त्याला जाऊ दिलं ते बराबर केलं," ती म्हणाली. "आता सवताला बी जाऊ द्या."

सामन्याच्या दोन दिवस आधी हेडमास्तरांनी मला बोलावलं. औरंगाबादची टीम येणार नव्हती. आमची शाळाही पुढची सूचना मिळेपर्यंत बंद ठेवायची होती. हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. "मुझे भी वो मॅच देखना था," ते म्हणाले.

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला मी तरीही मैदानावर गेलो. का गेलो, मला माहीत नाही. घरात बसणं शक्य नव्हतं. चुन्याची टोपली घेऊन गेलो आणि रेषा मारल्या. सगळ्या, कोपऱ्यांसकट. वर बघितलं तर युसूफ उभा होता. त्याच्या मागून आणखी काही पोरं आली, निम्मी टीमसुद्धा नाही. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. त्यांनाही घरात बसवत नसावं.

"सेंटर हाफ कौन खेलेगा?" युसूफने विचारलं. मग माझ्याकडे बघत राहिला.

मी चपला काढल्या. धोतर वर खोचलं आणि रेषेच्या आत पाऊल टाकलं.

मी पळालो नाही. मला पळता येत नव्हतं. मी मधोमध उभा राहिलो आणि पोरं माझ्याकडे बॉल देत गेली, मी तो पुढे देत गेलो. मैदान पुन्हा तळहातावर आलं. उजवीकडे जागा पडलेली दिसली, मी मान वर ठेवून बॉल टाकला आणि युसूफ निघाला. तो हिवाळ्याचा उजेड, उडणारा कापूस आणि त्यातून पळणारं ते काडीसारखं पोर. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी युसूफ धापा टाकत माझ्याजवळ आला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "अच्छा है, मास्टरसाब. पर विठ्ठल का बॉल और जरा आगे गिरता था."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. घरी येईपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. कौसल्याने हळद-मिठाचा लेप लावला आणि पहिल्यांदाच ती मला बसा म्हणाली नाही, कारण मला उठताच येत नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसाळा संपता संपता राज्य बदललं. चारच दिवसांत फौजा आल्या आणि ज्याची कल्पना करता येत नव्हती ते होऊन गेलं. लोक रस्त्यावर आले, गळ्यात पडले, मीही पडलो. पण भीती राज्याबरोबर गेली नाही. तिने नुसती घरं बदलली. इतके दिवस जी घरं दार लावून बसत होती त्यांची दारं उघडली, आणि दुसऱ्या घरांची दारं लागली. मी कारखान्याच्या मागच्या गल्लीत युसूफच्या घरी गेलो तर दाराला कुलूप होतं. शेजारची बाई फटीतून म्हणाली, "गये, मास्टरसाब. हैदराबाद. या और आगे, अल्ला जाने." उंबऱ्याबाहेर मुलाची जुनी चप्पल पडलेली होती, एका पायाची. मी ती सरळ करून ठेवली आणि आलो.

थंडी पडली तशी शाळा पुन्हा भरली. आता मराठीत शिकवायचं होतं. हेडमास्तर बदलून गेले होते. कापसाच्या गाड्या आल्या, कापूस उडायला लागला आणि एका संध्याकाळी मी नव्या पोरांचा खेळ घेत असताना शहागडच्या रस्त्याने विठ्ठल आला. आदल्या रात्रीच गावी परतले होते म्हणे. उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं. त्याने हातातली पिशवी कडेला टाकली आणि मला काही बोलायला वेळच दिला नाही. सरळ रेषेच्या आत शिरला, मधोमध जाऊन उभा राहिला, कुणीतरी त्याच्याकडे बॉल टाकला. त्याने मान वर केली, आणि बॉल उजव्या कडेला गेला.

लांब, सणसणीत, बरोबर त्याच जागी. तिथे कुणी नव्हतं. बॉल टप्पे खात रेषेबाहेर गेला आणि बाभळीखाली जाऊन थांबला. सगळी पोरं विठ्ठलकडे बघायला लागली. तो उजवीकडेच बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "युसूफ?"

मी लंगडत त्याच्यापर्यंत गेलो आणि सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, बापासारखं, मधे न बोलता. मग विचारलं, "मी गेल्तो, तवा त्यो येत व्हता का हितं?"

"येत होता. सामन्याच्या दिवशीही आला होता."

त्याने मान हलवली. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मी म्हणालो, आज नको खेळू. तो म्हणाला, न्हाई, खेळतो.

पुढच्या आठवड्यात मी राइट आऊटला एक नवा मुलगा उभा केला. करावंच लागतं. शिंप्याचा मुलगा होता, चुणचुणीत, पण पायाने साधारण. विठ्ठलचा बॉल यायचा आणि त्याच्या कितीतरी पुढे जाऊन पडायचा. तो रोज रडकुंडीला यायचा. "मास्तर, ह्याला जरा जवळ टाकाया सांगा की." मी विठ्ठलला सांगितलं. दोनदा सांगितलं. तो हो म्हणायचा, मान वर करायचा, आणि बॉल तिथेच पडायचा, जिथे युसूफ आला असता.

मी परत सांगितलं नाही. कडेला उभा राहिलो आणि तोंड बंद ठेवलं. विठ्ठलने त्या सबंध हिवाळ्यात एकही बॉल जवळ टाकला नाही. त्या पोराला पळावं लागलं. आणि थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी, भोंगा व्हायच्या थोडं आधी, तो पोचला.